गिअर अडकला की आधी काय पाहावं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपल्या कामातलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांगायचं असं ठरलंय. माझं काम मोटारसायकल दुरुस्तीचं. गॅरेजमध्ये रोज ऐकू येणारी तक्रार म्हणजे "गिअर नीट पडत नाही." तोच विषय घेतो.

आपल्या घाटघरकडे ही तक्रार किरकोळ नाही. जुन्नरपासून घाटघर तीसेक किलोमीटर. नाणेघाटाच्या तोंडाशी गाडीचा रस्ता संपतो, खाली कोकणात उतरायचं ते पायी. म्हणजे बाजार असो, दवाखाना असो की तालुक्याची कचेरी, गाडीने उलट जुन्नरलाच यावं लागतं. त्यात पावसाळ्यातलं धुकं, चढउतार आणि आवणीच्या दिवसांतला चिखल. अशा रस्त्यावर उतारात गिअर निसटला, तर गाडीला मागे धरून ठेवणारं इंजिन सुटतं आणि सगळा भार ओल्या ब्रेकवर येतो. दुसरं नुकसान पैशाचं. इंजिन खोललं जातं आणि शेवटी दोष सापडतो क्लचच्या केबलमध्ये.

गिअर बदलताना तीन गोष्टी घडतात. क्लच इंजिनाची ताकद तोडतो. पायाखालचा लिव्हर आतला ड्रम फिरवतो. ड्रम फोर्क सरकवतो आणि फोर्क गिअर ढकलून त्याचे दाते शेजारच्या गिअरच्या खाचेत बसवतो. दोष या तिन्हींपैकी कुठेतरी असतो. तो शोधायचा बाहेरून आत.

शाळेत प्रयोगवहीत आधी 'निरीक्षण' आणि मग 'अनुमान' लिहायला लावायचे. गाडीचंही तसंच आहे. निरीक्षणासाठी पाना लागत नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा. मागचं चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाका. चाक फिरवायचं विसरू नका, कारण गाडी स्थिर असताना दाते समोरासमोर आले की चांगल्या गाडीचाही गिअर अडतो.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडले आणि चालू केल्यावर जड झाले, तर पहिला संशय गिअरबॉक्सवर घेऊ नका. बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पहिला टाकताना गाडी धक्का देते, लिव्हर दाबून धरला तरी पुढे सरकू पाहते, उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही. हाताच्या लिव्हरच्या टोकाशी किती ढिलाई आहे ते पाहा. नेहमीच्या 100-125 सीसी गाड्यांना साधारण 10 ते 20 मिलिमीटर पुरते. जास्त असेल तर केबल जुळवून घ्या. आतल्या तारा तुटल्या किंवा गंजल्या असतील तर केबल बदला.

पण केबल ताणून ढिलाई पार घालवू नका. मग क्लच घसरू लागतो. चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र चढत नाही आणि जळका वास येतो. अर्धा क्लच दाबून चढ काढायची सवय असेल तर प्लेटा आणखी लवकर जातात.

पुढचं ऑइल. आपल्या बहुतेक चार-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल असतं. ते कमी झालं किंवा जळून काळं-पातळ झालं की गिअर जड पडतात. ऑइल दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय असं समजा. घरात कारचं ऑइल उरलंय म्हणून ते ओतू नका, त्याने क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-2' लिहिलेलं आहे ना, ते पाहून घ्या.

आता पायाकडे या. गाडी पडून लिव्हर वाकला की तो पूर्ण दाबला जात नाही. लिव्हरच्या आतले दाते झिजले की लिव्हर फिरतो, शाफ्ट जागेवरच राहतो. लिव्हर दाबल्यावर परत वर येत नसेल, तर एक तर सांध्यात चिखल भरलाय किंवा शाफ्टची स्प्रिंग गेली आहे. स्प्लेंडरसारख्या गाडीत ही स्प्रिंग आणि क्लच उजव्या बाजूचं कव्हर काढून दिसतात, सगळं इंजिन फोडावं लागत नाही.

चेनही फसवते. ढिली चेन झटके देते आणि आपण दोष गिअरला देतो. चेनकव्हरला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली हलवा. गाडीच्या पुस्तकात दिलेली ढिलाई, साधारण 20 ते 30 मिलिमीटर, हवी.

कधी गाडीत दोष नसतोच. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. जुन्या बुलेटचा गिअर तर उजव्या पायाला. भावाची गाडी दोन दिवस चालवून आपल्या गाडीवर बसलात, तर पाय चुकीकडे जातो.

हे सगळं पाहूनही एखादाच ठरावीक गिअर, समजा तिसरा, ताकद दिली की निसटत असेल, तर त्याचे दाते गोल झालेत किंवा फोर्क वाकलाय अशी दाट शक्यता. आता मात्र इंजिन खोलावंच लागेल आणि त्यात चालढकल करू नका. ऑइल काढताना त्यात धातूचे बारीक तुकडे आले, तर गाडी घाटात नेऊच नका.

मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं "गिअर बघ" म्हणू नका. कोणता गिअर, गाडी थंड असताना की गरम झाल्यावर, चढावर की उतारावर, आणि त्याआधी गाडी पडली होती का, ऑइल बदललं होतं का, हे सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या. चांगला मेकॅनिक त्याने रागावत नाही, उलट त्याचं निम्मं काम होतं.

गुरुजनांसमोर पहिल्यांदाच इतका वेळ उभं राहून बोललो, तेही शिक्षा नसताना. जेवणानंतर मी बाहेर गाड्यांपाशीच आहे. ज्यांना चाक फिरवून पाहायचंय त्यांनी यावं.