शाळेबाहेरचे शिक्षण : पदरमोड करून छापलेल्या एका पुस्तकाची ओळख

(संस्थेच्या वाचनमंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. आम्ही बँकेतले कारकून. दिवसभर लोकांच्या पैशांच्या नोंदी तपासायच्या आणि जाता-येता लोकलमध्ये उभ्याने पुस्तक वाचायचे, हा आमचा नित्याचा परिपाठ. कला शाखेची पदवी घेताना वाचनाची खोड लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. गेले चार रविवार आम्ही या सभागृहात एका इंग्रजी पुस्तकाचा आशय मराठीतून सांगितला. त्यावर उलटसुलट चर्चा झाली, काही जण नाराजही झाले. म्हणून तो विषय एकदा नीट मांडावा आणि स्मरणिकेत छापावा, अशी कार्यकारिणीने सूचना केली. त्या सूचनेचा मान राखून आज आम्ही आपल्यासमोर उभे आहोत.

पुस्तकाचे नाव 'द टीनेज लिबरेशन हँडबुक'. लेखिका ग्रेस ल्यूएलिन. या बाई शाळेत इंग्रजी शिकवीत असत. शिकवता शिकवता त्यांना वाटू लागले की, मुलांची शिकण्याची भूक शाळेतच मारली जाते. त्यांनी नोकरी सोडली आणि १९९१ साली हे पुस्तक अमेरिकेतील ऑरेगन राज्यातून 'लाउरी हाऊस' या स्वतःच्याच छोट्या प्रकाशनातर्फे काढले. पालक किंवा शिक्षक यांच्यासाठी ते लिहिलेले नाही. तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींशीच त्या थेट बोलतात. शाळा सोडायची असेल तर आई-वडिलांना कसे समजवावे, कायदा काय म्हणतो, वेळेचे नियोजन कसे करावे, गणित आणि शास्त्र स्वतः कसे शिकावे, कारागिराच्या हाताखाली उमेदवारी कशी मिळवावी, शाळेच्या दाखल्याविना महाविद्यालयात प्रवेश कसा घ्यावा, असे सारे व्यवहारी मार्गदर्शन त्यात आहे.

या विचाराला इंग्रजीत 'अनस्कूलिंग' म्हणतात. हा शब्द रूढ केला जॉन होल्ट यांनी. होल्ट हेही शिक्षकच. वर्गात बसून ते मुलांकडे बारकाईने पाहत. त्यांना दिसले की, पुष्कळ मुले उदाहरण सोडवीतच नाहीत. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तराचा अंदाज बांधतात. ही निरीक्षणे त्यांनी १९६४ साली 'हाऊ चिल्ड्रन फेल' या पुस्तकात मांडली. बरीच वर्षे त्यांनी शाळा सुधारण्याचा आग्रह धरला. पुढे ती आशा सोडून १९७७ साली त्यांनी घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी एक पत्रिका सुरू केली. १९८५ साली ते निवर्तले, पण पत्रिका २००१ पर्यंत चालली. घरी शिकवणे आणि अनस्कूलिंग यांत एक फरक आहे, तो ध्यानात घ्यावा. घरी शाळेचेच वेळापत्रक लावले तर ती घरातली शाळा झाली. अनस्कूलिंगमध्ये काय शिकायचे ते मूल ठरवते, आणि मोठी माणसे त्याला साधने, ओळखी व वेळ पुरवतात.

बंधू-भगिनींनो, दुसऱ्या रविवारी एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ज्या समाजाला शाळेच्या ओट्यावर चढू दिले नाही, त्याला तुम्ही शाळा सोडा म्हणून सांगता? बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले, ते विसरलात काय?" सभागृहात शांतता पसरली. प्रश्न रास्त होता. आमच्या घरातही शाळेचे तोंड पाहणारी पहिली पिढी आमच्या वडिलांची. शाळेचा दाखला हीच आमच्या घराची पहिली मिळकत. त्यामुळे या प्रश्नाला वरवरचे उत्तर देणे आम्हांला शोभले नसते.

उत्तर शोधताना आम्हांला याच लेखिकेचे आणखी एक पुस्तक उपयोगी पडले. १९९६ साली त्यांनी 'फ्रीडम चॅलेंज' हे पुस्तक संपादित केले आणि तेही लाउरी हाऊसनेच काढले. त्यात शाळेबाहेर शिकणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांचे लेख आहेत. हा समाज आपल्याला परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी त्या समाजाचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे द्यावयाच्या त्यांच्या निवेदनाविषयी विचारणा केली होती.

त्या समाजाचा शिक्षणाचा इतिहास आठवा. अमेरिकेच्या दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस लहानपणी बाल्टिमोरला गुलाम होते. मालकिणीने त्यांना अक्षरे शिकवायला सुरुवात केली, तर मालकाने ती बंद पाडली. मग हा मुलगा खिशात पाव घेऊन रस्त्यावर जाई आणि भुकेल्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून धडा घेई. जहाजाच्या कारखान्यात सुतार लाकडावर खुणेची अक्षरे घालीत, ती पाहून तो लिहायला शिकला. बाराएक वर्षांचा असताना साठवलेल्या पन्नास सेंटमध्ये त्याने भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले. हा मुलगा पुढे त्या शतकातील मोठा वक्ता झाला.

गुलामगिरी गेली, पण शाळा वेगळ्याच राहिल्या. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी सैन्य लावावे लागले. एवढी किंमत मोजून ज्या समाजाने शाळेत पाऊल ठेवले, त्याच समाजातली काही कुटुंबे मुलांना शाळेतून का काढतात? शिक्षक आमच्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवतात, शिक्षा त्यांनाच जास्त होतात, आमच्या लोकांचा इतिहास पुस्तकात येत नाही, अशी कारणे ते पालक सांगतात. २०२० साली महामारीच्या काळात तिथल्या जनगणना खात्याने पाहणी केली. मुलांना घरी शिकवणाऱ्या कृष्णवर्णीय घरांचे प्रमाण त्या वसंतात ३.३ टक्के होते, ते शरद ऋतूत १६.१ टक्क्यांवर गेले. त्यात महामारीच्या सक्तीचा वाटा आहे, हे उघड आहे. तरी विचार करायला लावणारा हा आकडा आहे.

यातून आम्हांला जे उमगले ते असे. दार बाहेरून कुणी लावून घेणे वेगळे आणि आत जाऊन, सारे पाहून, आपल्या पायांनी बाहेर येणे वेगळे. पहिल्याला बहिष्कार म्हणतात. दुसरी निवड आहे, पण त्या निवडीलाही भांडवल लागते. घरात पुस्तके हवीत, जवळ मोफत ग्रंथालय हवे, दिवसा घरी थांबू शकणारे एक शिकलेले माणूस हवे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ठेव असल्याशिवाय कर्ज उचलू नये. आपल्या वसाहतीतल्या किती घरांत ही ठेव आहे? फारच थोड्या. म्हणून, मुलांना शाळेतून काढा असे आम्ही आज कुणालाही सांगणार नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. तो एका दिवसासाठीही सोडू नये.

मग हे पुस्तक आपल्या काय कामाचे? ते आपल्याला सांगते की, शाळेत जाणे आणि शिकणे ही एकच गोष्ट नाही. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. शाळेत त्यांना घरून नेलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. पण मुंबईत शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींची नजर या मुलावर पडली. गुरुजींनी त्यांना पुस्तके दिली आणि मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. शाळेने त्यांना मॅट्रिकचे प्रमाणपत्र दिले, बुद्ध मात्र त्यांना शाळेबाहेर भेटला. त्यांनी शाळाही सोडली नाही आणि बागही सोडली नाही. ज्येष्ठांच्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच आहे.

तिसऱ्या रविवारी एक भगिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माझा मुलगा नववीत नापास झाला, आता शाळेत जात नाही. हे पुस्तक त्याच्या बाजूचं की माझ्या?" आम्ही विचारले, "ताई, तो दिवसभर करतो काय?" तर तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. आम्ही त्याला भेटलो. कुठला भाग का जळतो हे त्याने आम्हांला असे समजावून दिले की, आम्ही थक्क झालो. पण दुरुस्तीची माहितीपुस्तिका इंग्रजीत, ती त्याला वाचता येत नाही. वर्गात त्याने इंग्रजीची धास्ती घेतली होती. दुकानात त्याला तेच इंग्रजी हवे झाले आहे. आता दर रविवारी तो इथे येऊन तीच पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचतो. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचे ठरले आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. पण "हे पुस्तक तुमच्या दोघांच्या बाजूचे आहे" असे आम्ही ताईंना सांगितले, आणि त्यावर आम्ही ठाम आहोत.

आता हे पुस्तक वाटून घेण्याविषयी दोन शब्द. काही जण म्हणाले, बाईंनी स्वतःच छापले, म्हणजे मोठ्या प्रकाशकाने घेतले नसेल, त्याची एवढी मातब्बरी काय? बंधूंनो, हे आपण म्हणावे? १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी न झालेले ते भाषण पदरचे पैसे घालून छापले. पंधराशे प्रतींची ती इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. आजही ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर किती लेखक पदरमोड करून छापलेली पुस्तिका हातात घेऊन उभे असतात! पुस्तकाची किंमत ते किती हातांतून फिरले यावरून ठरते.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आमच्या या प्रतीतील निवडक भाग कुणीतरी दर रविवारी मोठ्याने मराठीत सांगावा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या आयाबायांनाही तो कळेल. दुसरी, आपल्या वसाहतीत वायरमन आहेत, परिचारिका आहेत, रेल्वेतले फिटर आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत. त्यांची यादी सभागृहाच्या फळ्यावर लागावी आणि ज्या मुलाला जे शिकावेसे वाटेल त्याने त्यांच्याकडे जावे. तिसरी विनंती पालकांना. रोज एक तास मुलाला त्याच्या मर्जीचे काहीतरी शिकू द्या, आणि त्या तासात "याचे मार्क किती?" असे विचारू नका.

पुढच्या सतरंजीवरच्या बालमित्रांनो, उद्या सकाळी शाळेत वेळेवर जा. संध्याकाळी इथे या, आणि तुम्हांला काय शिकायचे आहे ते आम्हांला सांगा. आम्ही ऐकायला बसलेले असू.