मेंदूतील द्रव्यांची मोजणी



आपल्या घरातील रेडिओची खुंटी फिरवून आपण विशिष्ट कंपनसंख्येवर थांबतो आणि हवेत एकाच वेळी पसरलेल्या असंख्य लहरींतून नेमकी हवी ती लहर उचलतो. याच तत्त्वाच्या आधारे जिवंत माणसाच्या मेंदूत कोणती रसायने आहेत आणि ती किती आहेत, हे आज कवटीला धक्काही न लावता सांगता येते. या विद्येला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे वर्णपटशास्त्र असे भारदस्त नाव आहे. नाव बाजूला ठेवून, ती जो आकडा देते तो आकडा तयार कसा होतो आणि त्यावर भरवसा किती ठेवावा, एवढ्याच प्रश्नाकडे मी आज आपले लक्ष वेधणार आहे.

दीर्घकाळपर्यंत मेंदूचे रसायनशास्त्र म्हणजे मुख्यतः मृत मेंदूचे रसायनशास्त्र होते. ऊतक कापावे, वाटावे, आम्लात ढवळावे, गाळावे आणि हाती येईल त्याचे पृथक्करण करावे, अशी ती रीत होती. १९५६ साली टॅलन, मूर आणि स्टाइन या शास्त्रज्ञांनी मांजराच्या मेंदूतील एन-असिटिल अस्पार्टिक आम्ल ओळखले ते याच रीतीने. पण रक्तप्रवाह थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूतील शक्तीचा साठा संपू लागतो आणि लॅक्टेट साचू लागते. वाटलेल्या ऊतकाचा हिशेब कितीही काटेकोर असला, तरी तो काही अंशी मृत्यूचाच हिशेब असतो.

हायड्रोजनच्या अणूचे केंद्र हे एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवले की ते भोवऱ्याने डोलावे तसे डोलू लागते, आणि डोलण्याची गती क्षेत्राच्या बलावर ठरते. रुग्णालयातील ३ टेस्लाच्या चुंबकात, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही दहा हजार पट बलवान क्षेत्रात, ही गती सेकंदाला सुमारे १२ कोटी ७७ लाख आवर्तने इतकी असते. आपल्या एफएम केंद्रांचा पट्टा १० कोटी ८० लाखांपाशी संपतो. म्हणजे मेंदूतील हायड्रोजन हे त्या पट्ट्याच्या थोडे पलीकडचे एक केंद्रच म्हणायचे. नेमक्या त्या कंपनसंख्येची लहर सोडली की ही अणुकेंद्रे ती स्वीकारतात आणि मागाहून क्षीण स्वरात परत ऐकवतात. १९४६ साली स्टॅनफर्ड येथे ब्लॉख यांनी आणि हार्वर्ड येथे पर्सेल यांनी स्वतंत्रपणे हा आविष्कार दाखवला व १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले.

यापुढची पायरी मराठी श्रोत्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तिच्याशी मुंबईचा संबंध आहे. १९५० साली स्टॅनफर्डमध्येच प्रॉक्टर आणि यू यांना अमोनियम नायट्रेटमधील नायट्रोजनचे एकाऐवजी दोन संदेश मिळाले. अणुकेंद्राचा चुंबकीय गुण अचूक मोजू पाहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही एक कटकटच होती. एकच अणुकेंद्र, पण शेजार बदलला की त्याचा सूर बदलतो! १९५१ साली आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या मद्यार्काचा वर्णपट प्रसिद्ध केला आणि कटकटीचे वरदान झाले. मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू तीन निरनिराळ्या शेजारांत राहतात: तीन, दोन आणि एक. वर्णपटात तीन शिखरे आली आणि त्यांची क्षेत्रफळेही तीनास दोनास एक याच प्रमाणात निघाली. शिखराचे स्थान सांगते की पदार्थ कोणता. क्षेत्रफळ सांगते की तो किती. या तिघांतील एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे भारतात येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला. मेंदूच्या वर्णपटाचा अहवाल आज ज्या कोणाच्या हाती पडतो, त्या प्रत्येकाच्या हाती त्या मद्यार्काच्या आलेखाचा वंशज असतो.

मद्यार्काच्या नळीतून मेंदूत येताना मात्र अडचणी वाढतात. पहिली अडचण पाण्याची. मेंदूचा बहुतांश भाग पाणीच आहे आणि पाण्याचा संदेश इतर द्रव्यांच्या संदेशाहून हजारो पटींनी मोठा. ढोलताशाच्या पथकात कोणी सतार लावावी, तसा हा प्रकार. म्हणून प्रथम पाण्याचा आवाज युक्तीने दाबावा लागतो. दुसरी अडचण क्षीणतेची. ३ टेस्लाच्या क्षेत्रातही दर दहा लाख अणुकेंद्रांमागे जेमतेम दहांचे आधिक्य आपल्या कामी येते. म्हणून साधारणतः दोन सेंटिमीटर बाजूचा एक घन निवडून काही मिनिटे तोच प्रयोग पुनःपुन्हा करतात व संदेशांची बेरीज घेतात. मग शिखरे दिसू लागतात. एन-असिटिल अस्पार्टेटचे सर्वांत उंच. ते प्रामुख्याने चेतापेशींत असते. त्याच्या एका बाजूस क्रिएटिन, मग कोलीनयुक्त द्रव्ये, मायो-इनोसिटॉल. आणि आजार असेल तर दुसऱ्या बाजूस लॅक्टेट व स्निग्ध द्रव्ये. पहिल्या द्रव्याचे प्रमाण प्रौढाच्या मेंदूत किलोग्रॅममागे दहा मिलिमोलच्या आसपास असते.

ही शिखरे एकमेकांपासून सुटी उभी असती तर काम सोपे होते. ती एकमेकांवर पडतात. जयपूरजवळच्या सांगानेरची ठशांची छपाई ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही गोष्ट लगेच उमगेल. तेथे बाह्यरेषेचा ठसा, ज्याला रेख म्हणतात, आधी उमटतो. मग भरणीचे ठसे, ज्यांना दत्ता म्हणतात, एकेका रंगासाठी वेगळे. आता कल्पना करा की असे पंधरावीस ठसे एकाच जागी, निरनिराळ्या जोराने, एकावर एक मारलेले कापड आपल्यापुढे ठेवले आहे, आणि प्रत्येक ठसा किती जोराने मारला ते सांगायचे आहे. कोरे कापड घेऊन प्रत्येक ठशाची स्वच्छ प्रत आधी काढून ठेवली असेल तर ते शक्य आहे. १९९३ साली प्रोव्हेंचर यांनी मांडलेली आणि आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत हेच करते: प्रत्येक द्रव्याचा शुद्ध वर्णपट जवळ ठेवायचा आणि त्यांच्या कमीअधिक मिश्रणातून मेंदूचा वर्णपट जुळवायचा. कापडाची मूळ छटा, म्हणजे मोठ्या रेणूंची पार्श्वभूमी, वजा करायची. तरी काही ठसे इतके सारखे असतात की गणितही थकते. ग्लुटामेट (स्वयंपाकघरातील अजिनोमोटोचा मुख्य घटक) आणि त्याचा सख्खा भाऊ ग्लुटामीन यांची १.५ टेस्लाच्या चुंबकात बहुधा बेरीजच देतात. मला यात कमीपणा वाटत नाही. न दिसणाऱ्या फरकाचा आकडा छापण्यापेक्षा ते बरे.

आपल्या देशात या विद्येचा कस लागला तो क्षयरोगाच्या संदर्भात. मेंदूतील क्षयाची गाठ चित्रात पुष्कळदा अर्बुदासारखी दिसते, आणि दोहोंचे उपचार अगदी भिन्न. एकीला अनेक महिन्यांची औषधे, दुसऱ्याला बहुधा शस्त्रक्रिया. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अशा गाठींच्या वर्णपटांचा बारकाईने अभ्यास केला. क्षयगाठीत स्निग्ध द्रव्यांचे शिखर ठळक असते, तर अर्बुदात सामान्यतः कोलीन चढते आणि एन-असिटिल अस्पार्टेट उतरते. पण आतून कुजलेल्या जहाल अर्बुदातही स्निग्ध द्रव्ये दिसतात. वर्णपट ही साक्ष आहे, निकाल नव्हे.

आता मूळ प्रश्न. क्षेत्रफळ मिळाले, पण कशाच्या तुलनेत? सोपा मार्ग असा रूढ झाला की प्रत्येक शिखराला क्रिएटिनच्या शिखराने भागावे, कारण क्रिएटिन सहसा बदलत नाही असे मानले जाई. सरकारी तक्त्यांशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला या 'सहसा'ची धास्ती वाटल्यावाचून राहत नाही. टक्केवारी वाढली तर अंश वाढला की छेद घटला, हे तक्ता आपणहून कधी सांगत नाही. दुसरा मार्ग पाण्यालाच माप मानण्याचा. ज्याचा आवाज दाबला, त्यालाच मोकळे सोडून मोजायचे. तोही निर्धोक नाही. वृद्धाच्या आक्रसलेल्या मेंदूत निवडलेल्या घनाचा चौथा हिस्सा मस्तिष्कद्रवाने भरलेला असेल, आणि त्या द्रवात हे द्रव्य जवळजवळ नसतेच, तर दहाच्या जागी साडेसात दिसतील. एकही चेतापेशी कमी झालेली नसताना. म्हणून घनात ऊतक किती व द्रव किती हे चित्रावरून आधी ठरवावे लागते.

छेदाचा हा प्रश्न केवळ गणिती नाही, हे १९९४ साली जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथून प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तान्ताने दाखवले. दोन वर्षांच्या आतला एक मुलगा, अंगात जोर नाही, हालचाली विचित्र, वाढ खुंटलेली. त्याच्या मेंदूचा वर्णपट घेतला तेव्हा क्रिएटिनचे शिखरच जवळपास नाहीसे होते. केवळ गुणोत्तरे छापली असती तर बाकीची सर्व द्रव्ये अफाट वाढल्याचे दिसले असते. तेथील वैद्यांनी प्रत्येक द्रव्य स्वतंत्रपणे मोजले, म्हणून उणीव जिथे होती तिथेच दिसली. शरीर क्रिएटिन तयार करते त्या वाटेवरील एक विकर त्या मुलात सदोष होते. त्याला तोंडावाटे क्रिएटिन देण्यात आले. पुढच्या महिन्यांतील वर्णपटांत ते शिखर हळूहळू वर आले आणि मुलाच्या हालचालींत व शक्तीत स्पष्ट सुधारणा झाली. सर्व उणीव भरून निघाली असे मात्र नाही.

२००१ पर्यंत याच कुळातील आणखी दोन विकार ओळखले गेले. त्यांतील एकावर हेच औषध चांगले लागू पडते. दुसऱ्यात क्रिएटिन तयार होते, पण ते पेशीत नेणारा वाहकच सदोष असतो. तेथे रुग्णाला कितीही क्रिएटिन पाजले तरी मेंदूच्या वर्णपटातील ती जागा बहुतांशी रिकामीच राहते, आणि त्या मुलांसाठी दुसरी वाट शोधण्याचे काम चालू आहे.