मातेची मिसरी आणि बाळाचें आरोग्य



 महोत्सवाच्या दिवशीं गोड बोलावें ही रीत आहे. परंतु आमचा विषय थोडा कडूच आहे. तो आमच्या लेकीसुनांच्या तंबाखूचा आहे.

"आमच्या बायका विडी ओढीत नाहींत," असें आपण अभिमानानें म्हणतों. तें बहुतांशीं खरें आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढ स्त्रियांपैकीं धूम्रपान करणाऱ्या अवघ्या १.४ टक्के आढळल्या. पण बिनधुराची तंबाखू सेवन करणाऱ्या १६.६ टक्के, म्हणजे सहांमध्यें एक, निघाल्या. तंबाखू आपल्या घरांत आहेच. धूर तेवढा दिसत नाहीं.

तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, कुटावयाची, आणि सकाळीं दांतांस लावावयाची, ती ही मिसरी. कोणी तिला मशेरी म्हणतात. तिला दांतवण समजत असल्यामुळें कोणी व्यसन म्हणत नाहीं. आजीच्या डब्यांतून ती नातीच्या हिरड्यांवर येते. दाढ दुखली, रानांत भूक लागली, कीं पुन्हां एक बोट. दिवस गेल्यावर मळमळतें म्हणून आणखी एक.

तंबाखूंतील निकोटिन हें विष हिरड्यांतून रक्तांत आणि वारेंतून गर्भापर्यंत जातें. त्यानें रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाच्या पोषणांत तूट येते. मुंबईंत १२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००४ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झाले. अशी तंबाखू सेवन करणाऱ्या मातांचीं बाळें इतरांहून सरासरी १०५ ग्रॅम हलकीं भरलीं व सुमारें सहा दिवस आधीं जन्मलीं. त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मिसरीच होती. सशक्त बाळास शंभर ग्रॅम कांहींच नव्हेत. पण जें अडीच किलोच्या काठावर आहे, त्यास ते फार आहेत.

कायद्यानें आपलें काम केलें आहे. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास १९९२ सालीं बंदी झाली, आणि १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. परंतु जी मिसरी आपल्याच चुलीवर भाजली जाते, तिच्यापर्यंत कायद्याचा हात कसा पोहोंचावा? तेथें शेजारीणच पोहोंचूं शकते.

हें घडूं शकतें, याचा दाखला आपल्या शेजारींच आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं जामखेड येथें आरोग्यकार्य आरंभिलें. खेड्यांतल्या निरक्षर स्त्रियांसहि त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. महिला मंडळें व शेतकरी मंडळें सोबत घेतलीं. १९७९ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. परक्याच्या उपदेशापेक्षां गांवच्या बाईचा शब्द लवकर पटतो, हा त्यांचा धडा मिसरीसहि लागू आहे.

म्हणून आमची विनंति अशी. गर्भवतीची नांवनोंदणी होईल त्याच दिवशीं आशाताईंनीं व अंगणवाडीच्या बाईंनीं "तंबाखू खाता का?" असें न विचारतां "मिसरी लावता का?" असें विचारावें, पहिल्या प्रश्नास "नाहीं" हेंच उत्तर येईल. दाढ दुखत असेल, तर महिला मंडळानें तिला दांतांच्या डॉक्टरांकडे न्यावें. सासूबाईंनीं सुनेसोबत स्वतःचाहि डबा टाकावा. पुरुषांनीं घरांत विडी ओढूं नये. तो धूरहि गर्भास बाधतो. पहिले कांहीं दिवस चिडचिड व डोकेदुखी होईल. त्या वेळीं रागावूं नये, कारण रागावल्यानें डबा सुटत नाहीं, लपविला मात्र जातो. १८००-११-२३५६ या क्रमांकावर व्यसन सोडण्याबाबत विनामूल्य सल्ला मिळतो, तोहि घ्यावा.

बंधुभगिनींनो, या महोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक घरानें मिसरीचा एक डबा रिकामा करावा. त्याची नोंद कोणत्याहि पुस्तकांत होणार नाहीं. परंतु पुढील वर्षीं याच मंदिरांत बाप्तिस्म्यास आणलेलें एखादें बाळ मूठभर अधिक भरलें, तर आपल्या आजच्या निश्चयाचें चीज झालें, असें आम्ही समजूं.