पठारावर पहिला प्रश्न: कडा कोणत्या बाजूला?

आजचा भाग चिकलठाण्यातल्या आमच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मधेच विमान गेलं तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिहूनही ठेवतोय.

ट्रेक म्हटलं की आपल्याकडची पोरं रात्रीची गाडी पकडून कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगड गाठतात. मीही तेच करायचो. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली, शनिवार-रविवार सह्याद्रीत. मग घरून काम सुरू झालं, मी परत चिकलठाण्याला आलो आणि तेव्हा कुठं लक्षात आलं, की अजिंठ्याची अख्खी डोंगररांग आपल्या उशाला आहे. म्हैसमाळ गाडीवर तासाभराचं. कन्नड साठेक किलोमीटर. अजिंठा शंभराच्या आसपास.

पण हे डोंगर वेगळे आहेत. सह्याद्रीतल्या शिखरावर चढणं म्हणजे वर आणि उतरणं म्हणजे खाली, एवढा हिशोब पुरतो. आपल्याकडे वर पोचलात की बहुतेक ठिकाणी समोर सपाट माळ. गवत, मधेच खडक, कुठंतरी एकटं झाड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर आडवे पसरले, त्यातून हे पठार झालं. वरची माती इतकी पातळ की गवतच जास्त टिकतं. इंग्लंडमध्ये डार्टमूरसारखे असेच उघडे, गवताळ माळ आहेत आणि तिथंही धुकं आलं की माणसं वाट चुकतात. म्हणून तिकडं नकाशा आणि होकायंत्र शिकूनच बाहेर पडतात. आपण मात्र फोन खिशात टाकून निघतो.

आता मुख्य गोष्ट. छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याच्या एसटीत कधी बसलात का? कन्नडजवळ रस्ता जवळपास सपाट. घाट चढल्यासारखं काही वाटतच नाही. आणि कन्नड सोडलं की एकदम औट्रम घाट, वळणावर वळण, आणि खाली खानदेश पसरलेला. म्हणजे आपली डोंगररांग दक्षिणेकडून हळूहळू वर येते आणि उत्तरेला एकदम तुटते. दक्षिणेला पडलेलं पाणी शिवनेसारख्या नद्यांतून गोदावरीला मिळतं, बंगालच्या उपसागरात जातं. उत्तरेला पडलेलं पाणी तापीला मिळतं, अरबी समुद्रात जातं. दोन थेंब शेजारी पडले तरी वाटा कायमच्या वेगळ्या.

अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट आठवा. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वरून समोरच्या कड्यात लेणी दिसली, असं सांगतात. तिथं उभं राहिलं की खाली घोड्याच्या नालेसारखी वळलेली वाघोरा दिसते. नजारा भारी असतो, कारण पुढं जमीन संपलेली असते. आपल्या पठारांवर व्ह्यू पॉइंट हे कड्याचंच दुसरं नाव आहे. ऊन असताना जिथं सेल्फी काढतो, धुक्यात तीच जागा जीव घेऊ शकते.

हे मला कसं कळलं ते सांगतो. ऑगस्टमधला शनिवार होता. मी, माझा मामेभाऊ आणि त्याचे दोन मित्र, दोन गाड्यांवर पितळखोऱ्याला गेलो. मामेभाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. निघताना मामी म्हणाली होती, "तू सोबत आहेस म्हणून सोडते हां." पायऱ्या उतरून लेणी पाहिली. दोन हजार वर्षांहून जुनं कोरीवकाम, वरून पडणारं पाणी, सगळं मस्त. परत वर आलो तर तीनच वाजले होते. म्हटलं, पठारावरून थोडं चालू, चांगला व्ह्यू मिळेल.

वीस मिनिटांत धुकं आलं. दहा पावलांपुढचं दिसेना. मी फोन काढला. निळा ठिपका होता, पण त्याच्याभोवती सगळं राखाडी. नेटवर्क नव्हतं आणि मी ऑफलाइन नकाशा डाउनलोडच केला नव्हता. दिवसभर सॉफ्टवेअर बनवणारा माणूस! ओल्या बोटांनी स्क्रीनही नीट चालेना.

तेवढ्यात एक छोटा ओहोळ लागला. मी एकदम शहाणपणानं म्हणालो, "पाणी उताराकडं जातं, उताराला गाव असतं. चला याच्या काठानं." मामेभाऊ पुढं, मी मागं. पाण्याचा आवाज हळूहळू बदलत होता, खोल होत होता. पण माझं लक्ष बॅटरीच्या टक्क्यांकडं.

तेवढ्यात डावीकडून हाक आली, "ए पोरांनो! तिकडं कुठं चालले? पुढं दरी हाय!"

खताच्या पोत्याची खोळ घेतलेले एक काका शेळ्या घेऊन उभे होते. मी म्हटलं, "काका, आम्ही पाण्यासोबत गावाकडं चाललोय." ते हसले. "हे पाणी पाटणादेवीला उतरतंय बाबा, खाली. गाव मागं राहिलं. वारं उजव्या गालावर घ्या अन् सरळ चला."

पावसाळ्यात इथं वारा जास्त करून पश्चिमेकडून येतो. तो उजव्या गालावर घेतला की तोंड दक्षिणेला होतं, कड्याकडं पाठ होते. अर्ध्या तासात गाड्या सापडल्या. निघण्याआधी काकांनी आम्हाला चार पावलं पुढं नेऊन दाखवलं होतं. ओहोळ खडकावरून पुढं जात होता आणि पांढऱ्या धुक्यात नाहीसा होत होता. मामेभाऊ तिथून फार तर पंधरा पावलांवर होता.

मामीला हे मी अजून सांगितलेलं नाही. आज ऐकलंच तर कळेल.

तर मंडळी, पठारावर जाताना चार गोष्टी. एक, घरूनच कडा कोणत्या दिशेला आहे ते पाहून सगळ्यांना सांगा, एकट्यानं लक्षात ठेवू नका. दोन, नकाशा आधीच डाउनलोड करा. जीपीएसला नेट लागत नाही, नकाशाला लागतं. फोन फ्लाइट मोडवर टाकला तर बॅटरी टिकते. तीन, धुकं आलं की थांबा, सगळे हाकेच्या अंतरात या, आणि अनोळखी ओढ्याच्या काठानं उतरू नका. अडकलात आणि रेंज असेल तर ११२. चार, या रांगेचा काही भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, तिथं वनखात्याची परवानगी घ्या आणि अंधाराआधी बाहेर पडा. आणि वाटेत गुराखी भेटले तर दोन मिनिटं थांबून बोला. त्यांना जे ठाऊक असतं ते कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

परवा आम्ही पुन्हा म्हैसमाळला गेलो. गाडी लावल्या लावल्या मामेभावानं सगळ्यांना विचारलं, "सांगा, कडा कोणत्या बाजूला?" सगळ्यांनी हात केले. मगच निघालो.

तुमच्या भागातल्या अशा माळांबद्दल मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!