घरचा द्वारपाल

इंटरनेट बंद पडले की घरातील मंडळी प्रथम राउटरवर तुटून पडतात. कोणी त्याची वीज तोडतो, कोणी वायरी उपसतो, तर एखादा उतावळा मागील बारीक छिद्रात टाचणी खुपसून ते यंत्र कारखान्यातून आले तसे कोरे करून टाकतो. या अखेरच्या उपायाने जोडणीचे नाव आणि परवलीचा शब्द पुसला जातो, व तासाभराचा खोळंबा दोन दिवसांवर जातो. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, विद्यार्थ्याचा परीक्षेचा अर्ज, परदेशी असलेल्या मुलाची भेट, हे सारे आज त्या लहानशा पेटीतून होते. म्हणून तिचे काम समजून घेणे अगत्याचे आहे.

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला अंकी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटीच पत्ते संभवतात आणि जागतिक कोठारातील अखेरचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले. तत्पूर्वीच, १९९६ च्या नियमान्वये, काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले होते. १९२.१६८ या अंकांनी आरंभ होणारे पत्ते त्यांपैकीच. राउटर घरातील यंत्रांना असे पत्ते देतो, बाहेर सर्वांच्या वतीने एकाच पत्त्याने बोलतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्यास पोचवितो. तो घराचा द्वारपालच होय.

फोनवर वायफायच्या रेघा पूर्ण दिसल्या म्हणजे इंटरनेट आले, ही समजूत चुकीची आहे. त्या रेघा केवळ द्वारपालापर्यंतची वाट मोकळी असल्याचे सांगतात. द्वारापलीकडचे काही सांगत नाहीत.

यास्तव शोध क्रमाने करावा. एकाच यंत्राला अडचण असेल, तर दोष बहुधा त्या यंत्रात असतो. सर्वांना असेल, तर काचतंतूच्या पेटीवरील दिवे पाहावे. ‘एल.ओ.एस.’ हा दिवा तांबडा असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. तेथे तंतू कोठे मुडपला आहे काय ते पाहून तक्रार नोंदवावी. राउटरशी झटापट करून लाभ नाही. दिवे ठीक असतील, तर संगणक वायरीने जोडून पाहावा. तसे चालले, तर दोष वायफायचा. यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने आरंभ होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. अशा वेळी आधी काचतंतूची पेटी व ती स्थिरावल्यावर राउटर, या क्रमाने दोन्ही बंद करून पुन्हा चालू करावी. कधी १.१.१.१ हा अंक लिहिल्यास पान उघडते, पण नावाने एकही संकेतस्थळ उघडत नाही. तेव्हा नावांवरून पत्ते शोधून देणारी सेवा बंद पडलेली असते. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी योजिलेली ही व्यवस्था म्हणजे जाळ्याची नामसूचीच. अशा प्रसंगी मांडणीत दुसऱ्या सूचीचा पत्ता घातला की काम होते.

सर्वांत चकविणारा दोष दोन द्वारपालांचा. कंपनीची पेटी स्वतःच राउटरचे काम करीत असते, आणि गृहस्थ तिच्यामागे बाजारातून आणलेला दुसरा राउटर जोडतो. दोघांचीही घरगुती पत्त्यांची मालिका १९२.१६८.१ अशीच असली, तर दुसऱ्या राउटरला घर कोणते व बाहेर कोणते हेच उमगत नाही. सर्व दिवे हिरवे, रेघा पूर्ण, आणि तरी एकही पान उघडत नाही! दुसऱ्याची मालिका १९२.१६८.२ अशी करावी, अथवा त्याचे पत्ते वाटण्याचे काम काढून घेऊन त्याला केवळ वायफाय पसरविण्यापुरता ठेवावा.

टाचणीचा उपाय सर्वांत शेवटी करावा, आणि तोही जोडणीचे नाव व परवलीचा शब्द वहीत उतरून घेतल्यावरच. कोणता दिवा कसा होता व कोणत्या पायरीवर वाट अडली, हेही त्याच वहीत लिहावे. एवढी माहिती हाती असली, म्हणजे घरी एकटे राहणाऱ्या वृद्धालासुद्धा दूरध्वनीवरून नेमकी तक्रार सांगता येते, आणि दुरुस्तीस येणाऱ्याला कामाचा आरंभ कोठून करावा हे आधीच कळते.