प्रश्न आपल्या चारीवरचा हवा



माती-पाणी जपण्याचं शिक्षण आणि त्यासाठी विद्यापीठांनी परदेशांशी जोडलेलं नातं हा विषय आपण निवडलात, आणि बैठक मांडलीत देवळाली प्रवरात. जागा अचूक निवडलीत. एका अंगाला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला प्रवरेचा उजवा कालवा. भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं. या पाण्याने आपल्याला ऊस दिला, कारखाने दिले, शाळा-कॉलेजं दिली. आणि काही रानं नेलीही.

हिवाळ्यात सकाळी खारवट रानात उभं राहून बघा. सरीच्या वरंब्यावर पांढरा थर चढलेला असतो. चोपण जमिनीची तऱ्हा आणखी निराळी. पाणी दिलं की माती फुगून गच्च होते, पाणी मुरत नाही, वरच साचतं. वाळली की ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. पाट झिरपतो, पाळीला गरजेपेक्षा जास्त पाणी सुटतं, भूजल वर येतं, त्याबरोबर क्षार येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

हे दुखणं नीरेच्या कालव्याखाली आधी दिसलं. हॅरॉल्ड मान हे आसामच्या चहामळ्यांतलं काम सोडून पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात प्राचार्य म्हणून आले. त्यांनी आपले सहकारी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० साली तो प्रसिद्ध झाला. रसायनशास्त्र विलायतेत शिकलेलं, प्रश्न मात्र नीरेकाठचा. मला वाटतं, परदेशी भागीदारीची पारख इथेच होते: विद्या कुठलीही असो, प्रश्न कुणाचा आहे?

दुसरा दाखला राहुरीचा. विद्यापीठाचे डॉ. सुनील गोरंटीवार यांनी इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात इयान स्माउट यांच्याबरोबर पाणीवाटपाचं गणित मांडलं. त्यासाठी प्रकल्प घेतला तो जेजुरीजवळचा, कऱ्हा नदीवरचा नाझरे. धरणात पाणी कमी आहे, तर थोड्या रानाला पोटभर द्यायचं की जास्त रानाला थोडं उणं द्यायचं? कालव्यातून फुटणाऱ्या एकाच चारीवर कुठे भारी काळी, कुठे मुरमाड. कुठे गहू, कुठे हरभरा. कोणत्या पिकाला, कोणत्या मातीत, कोणत्या पाळीला किती उणं चालेल, याचा हिशेब त्यांनी बसवला. नीट आखून थोडं कमी पाणी दिलं तर तेवढ्याच पाण्यात भिजणारं क्षेत्र आणि एकूण उत्पन्न दोन्ही वाढू शकतं, हे त्यातून पुढे आलं. उत्पन्न आणि समन्याय यांची ओढाताणही त्यांनी लपवली नाही. टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न लफबरोच्या संगणकात शिरला, हे मला त्या कामाचं खरं मोल वाटतं.

तिसरा दाखला आपल्याच जिल्ह्यातला. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाला चालना दिली स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर हर्मन बाखर यांनी. पैसा जर्मनीचा, पण तो पहिल्याच दिवशी गावाच्या हातात पडत नसे. गावाने आधी श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून दाखवायची, लहान तुकड्यावर काम शिकायचं. मग मोठं काम. या शिकवणीसाठीच १९९३ साली वॉटर ही संस्था निघाली आणि संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत प्रशिक्षण उभं राहिलं. प्रशिक्षण आधी आणि निधी मागून, हा क्रम आपण अनेकदा उलटा करतो.

आज राहुरीत हवामान अद्ययावत शेती आणि जलव्यवस्थापनाचं केंद्र आहे. जागतिक बँकेचं साहाय्य असलेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून ते उभं राहिलं. ड्रोन आले, सेन्सर आले, पाणी किती द्यायचं ते सांगणारी मोबाईल ॲप आली. याचं स्वागतच आहे. पण सेन्सर ओल सांगतो, पाळी कधी येणार ते सांगत नाही. आवर्तन लांबलं तर ॲप बघून शेतकरी करणार काय? यंत्राचं आणि शेजपाळीचं वेळापत्रक जुळवणं, हे पुढच्या संशोधनाचं काम आहे.

म्हणून अध्यक्ष या नात्याने तीन सूचना करतो. एक, परदेशी विद्यापीठाशी करार करताना संशोधनाचा प्रश्न ठरवायला पाणीवापर संस्थेचे दोन शेतकरी बोलवा, आणि त्यांतला एक टेलचा असू द्या. शेतकऱ्यांकडे सिंचनाचं व्यवस्थापन देणारा कायदा आपल्याकडे २००५ पासून आहे. मग संशोधनात त्यांना जागा का नको? दोन, बाहेर शिकून आलेल्या आपल्या विद्यार्थ्याने एक पूर्ण रब्बी हंगाम एका चारीवर काढावा, आणि तिकडून येणाऱ्याने रात्रीची पाळी एकदा तरी धरावी. तीन, निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापून आले की त्याच वर्षी ते मराठीत पाणीवापर संस्थेच्या बैठकीत वाचले जावेत.

ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ आहे त्या जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाचं पाणी शेतातच मुरावं म्हणून ताली-बंधारे बांधण्याचा आग्रह धरला होता. ते काम शिपायांच्या हातून करून घ्यावं, असंही त्यांनी सुचवलं. म्हणजे माती-पाण्याचा विचार या विद्यापीठाच्या नावातच आहे.

तरुण संशोधकांनो, परदेशी जरूर जा. जाताना या कालव्याखालच्या एका चारीचा नकाशा, तिच्या मातीचे नमुने आणि टेलच्या शेतकऱ्याचा प्रश्न सोबत न्या. परत आलात की उत्तर आधी त्याला सांगा.