भूक आणि जिभेचे चोचले



ज्युबिलीच्या या मंगल दिनी, पंगतीस बसण्यापूर्वी, अन्नाविषयीच चार शब्द बोलावे असे आम्हांस वाटते. रुचकर अन्न आनंदाने खाणे हे पाप नव्हे. ज्या परमेश्वराने पोटास भूक दिली, त्यानेच जिभेस चव दिली. आणि काना गावच्या लग्नात प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो केवळ तहान भागविण्यासाठी खचित नव्हे.

मग दोष कोठे आहे? भुकेस सीमा असते. लालसेस ती नसते. भुकेल्यास शिळी भाकरीही गोड लागते; ज्यास भूक नाही तो पक्वान्नातही खोड काढतो. १९७२ सालच्या दुष्काळात आपल्या महाराष्ट्रातील हजारो लोकांनी खडी फोडून, परदेशाहून आलेली तांबडी मिलो ज्वारी व सुकडी खाऊन दिवस काढले; आवडीनिवडीस तेथे थारा नव्हता. पोप संत ग्रेगरी (इ. स. ५९०–६०४) यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेपूर्वी खाणे, उंची पदार्थांचाच हव्यास धरणे, पाककृतीचे फाजील चोचले पुरविणे, प्रमाणाबाहेर खाणे आणि अधाशीपणे खाणे. यांपैकी प्रमाणाविषयी एकच आहे, हे ध्यानात घ्यावे. थोडे खाणाराही जिभेचा दास असू शकतो.

हे दास्य तुटावे म्हणूनच पवित्र ख्रिस्तसभेने उपवास सांगितला आहे. राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोन दिवशी, वयाच्या १८ वर्षांपासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत, एकच पूर्ण भोजन व दोन अल्प आहार घ्यावेत; मांस वर्ज्य करावे. परंतु मांस टाळून चमचमीत पदार्थांनी ताट सजविले, तर 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपणांसही लागू पडेल. भुकेल्यास आपल्या भाकरीतील वाटा देणे हाच देवास आवडणारा उपवास, असे यशया संदेष्ट्याने शिकविले आहे.

तो भुकेला दूर नाही. दर हंगामी बीडकडील ऊसतोड कामगार मुलाबाळांसह या कृष्णाकाठी येतात व शिवारात खोपी घालून राहतात. आपल्या ताटातील गोड त्यांच्या कोयत्यातून येते. म्हणून येत्या प्रायश्चित्तकाळात प्रत्येक घराने टाळलेल्या भोजनाचा शिधा वेगळा काढावा व तो त्यांच्या खोपींत स्वतः नेऊन द्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आज मात्र आनंदाने जेवा, देवाचे आभार माना, आणि भूक शमताच पानावरून उठा. प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.